खिचडीचा महिना महाग का पडला
नोकरी गेलेल्या एका पुणेरी घराच्या स्वयंपाकाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्याकडे पैशाच्या वाटेनं आलं नाही, साखरेच्या वाटेनं आलं. मी आहारसल्ल्याचं काम करते. ऑगस्ट 2024 च्या शेवटच्या आठवड्यात एक गृहस्थ आईला घेऊन आले. आईंचं वय 71, मधुमेह नऊ वर्षांचा पण गोळीवर आटोक्यात. उपाशीपोटीची साखर एरवी 120-130 च्या आसपास असायची, ती 178 आली होती. मी नेहमीचा प्रश्न विचारला, महिन्याभरात काय बदललं? आई पदराशी चाळा करत बसल्या. गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सगळंच बदललंय."

नावं बदलून सांगते. श्रीधर, वय 43, भोसरीतल्या एका सुट्या भागांच्या कंपनीत खरेदी विभागात चौदा वर्षं. विभागच बंद झाला आणि 31 जुलै हा शेवटचा दिवस ठरला. पत्नी वैशाली एका शाळेच्या ऑफिसात हिशेब बघतात, हातात 19,000 येतात. मुलगी मुग्धा आठवीत. घर धायरीत, स्वतःचं, म्हणजे बँकेचं, कारण हप्ता 16,800 चा आहे. हप्ता गेल्यावर वैशालीच्या पगारातले 2,200 उरतात. बाकी जगायचं ते कंपनीकडून मिळालेल्या आणि बँकेत साठलेल्या मिळून 1 लाख 90 हजारांवर. तेव्हाच्या नियमानुसार महिनाभर बेकार राहिलं की भविष्य निर्वाह निधीतले 75 टक्के काढता येत होते. पण त्याला सहा महिन्यांच्या आत हात लावायचा नाही असं नवरा-बायकोनं पहिल्याच आठवड्यात ठरवलं. हा निर्णय मला अजूनही पटतो.

श्रीधर खरेदीतला माणूस, त्यामुळे वही ठेवली. शंभर पानी, निळ्या कव्हरची. रोज रात्री पै-पैची नोंद. पुढचं सगळं त्या वहीवरून लिहिलं आहे, त्यांच्या परवानगीनं. "नावं तेवढी बदला, आणि माझी पहिल्या आठवड्यातली पोळी कशी झाली होती ते लिहू नका," एवढीच अट. दुसरी अट मी पाळणार नाहीये.

अडचण

जुलैचा, म्हणजे पगार चालू असतानाचा खाण्याचा खर्च वहीच्या पहिल्या पानावर आहे. किराणा 6,200. भाजी आणि फळं 3,400. दूध, दही, पनीर 2,900. पोळ्यांच्या मावशी 2,500. गॅस 800. आणि बाहेरचं, म्हणजे मागवलेलं आणि हॉटेलातलं, 5,300. एकूण 21,100. चौघांच्या घराला पुण्यात हे काही उधळपट्टीचं लक्षण नाही.

फी, वीज, औषधं, पेट्रोल वगैरे 13,000 धरले आणि खाणं जुन्याच पद्धतीनं चालू ठेवलं, तर शिल्लक जेमतेम सहा महिने पुरत होती. खाणं 10,000 वर आणलं तर नऊ महिने. म्हणजे स्वयंपाकघरातून तीन महिन्यांची मुदत विकत मिळत होती. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नोकरी शोधताना तीन महिने म्हणजे काय, हे ज्यानं शोधलीय त्यालाच कळतं. मिळेल ती पहिली नोकरी घ्यायची की थोडं थांबायचं, हे त्या तीन महिन्यांवर ठरणार होतं.

कोणते पर्याय समोर होते

श्रीधरनी पर्याय अगदी कोटेशन मागवल्यासारखे काढले होते.

खानावळीचा डबा: धायरी-वडगाव भागात एका वेळचा माणशी महिन्याला 2,200 ते 2,800 असे भाव मिळाले. चौघांचा एकाच वेळचा डबा नऊ ते अकरा हजारांच्या घरात जातो, आणि दुसऱ्या वेळचं जेवण उरतंच. बाद.

पोळी-भाजी केंद्र: पोळी दहा रुपयांना. घरात दिवसाला 14 पोळ्या लागतात. महिन्याचे 4,200. मावशींपेक्षा महाग. हेही बाद.

रेशन: कार्ड केशरी आहे, पण अन्नसुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीत यायला शहरात वार्षिक उत्पन्न 59,000 च्या आत लागतं. जानेवारी 2023 पासून फुकट मिळणारं धान्य त्या यादीतल्यांना आणि अंत्योदयवाल्यांना आहे. नोकरी गेली तरी वैशालीच्या पगारामुळे हे घर त्यात बसत नव्हतं, आणि बसावं असं त्यांना वाटतही नव्हतं.

मावशींना कमी दिवस बोलावणं, एक दिवसाआड वगैरे: हा पर्याय वहीत लिहून खोडलेला आहे. त्याबद्दल पुढे बोलते.

शेवटी उरला तो "सगळं घरी, सगळं आपण, सगळ्यात स्वस्तात". त्यावर टिक केलेली आहे.

पहिला निर्णय आणि तो कसा फसला

खरेदीतल्या माणसाला दर पाडायची सवय असते. श्रीधरनी स्वयंपाकघराचा दर पाडला. मावशींना एक दिवस आधी सांगून बंद केलं. दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आणलं. फळं बंद, तूप बंद, ओला नारळ बंद. "कोथिंबीर म्हणजे शोभा," म्हणून तीही बंद. स्वस्तातला तुकडा तांदूळ 20 किलो आणला. गुलटेकडीला मार्केट यार्डात जाऊन 10 किलो कांदे आणि पाच किलो बटाटे आणले. त्यात एक सकाळ गेली आणि जाण्यायेण्याचं पेट्रोल. ते कांदे उन्हाळी होते, कांदाचाळीतून निघालेले, तीन-चार महिने काढून झालेले. पावसाळ्यातल्या दमट बाल्कनीत पंधरा दिवसांत कोंब आले, तीनेक किलो फेकले. दरात वाचलेले सगळे त्यात गेले.

रोज रात्री खिचडी. कधी मुगाची, कधी तुरीची, चव एकच. दुपारी बटाटा. श्रावण लागला होता (त्या वर्षी 5 ऑगस्टला), आईंचे सोमवार आणि शनिवार, मग साबुदाणा आणि पुन्हा बटाटा. सकाळी श्रीधरच्या पोळ्या. पहिल्या आठवड्यातली पोळी वैशालीनं डब्यातून काढली तेव्हा ती ताटलीत उभी राहिली, असं तिनंच मला सांगितलं.

महिनाअखेरीला आकडा आला 11,700. श्रीधरनी दहाची मजल मारली नाही म्हणून वैतागून वही माझ्यापुढे टाकली. मी एकेक ओळ बघत गेले. किराणा 3,900, भाजी 1,500, दूध 1,800, गॅस 800. इथपर्यंत ठीक. आणि बाहेरचं 3,700.

"पण आम्ही तर काहीच मागवलं नाही," श्रीधर म्हणाले.

खरंच मागवलं नव्हतं. नोंदी सगळ्या बारीक होत्या. वडापाव 40. खारी-टोस्ट 90. मिसळ 120. शाळेचं कॅन्टीन 50, 50, 30. फरसाण 60. वैशाली संध्याकाळी बसमधून उतरली की थांब्यावरच काहीतरी खाऊन घरी यायची, कारण घरी खिचडी आहे हे माहीत असायचं. मुग्धाचा डबा न उघडता परत येत होता. गार खिचडी मैत्रिणींसमोर उघडायची कशी? आई खालच्या दुकानातून फरसाण मागवून उशीखाली ठेवायच्या. आणि स्वतः श्रीधर, मुलाखतीच्या नावाखाली शहरात गेले की मिसळ. चार माणसं, चार चोऱ्या, आणि सगळ्या इमानदारीनं वहीत लिहिलेल्या.

वर आईंची तपासणी, डॉक्टरांची फी मिळून 1,450 वेगळे. ते वहीत "औषध" या रकान्यात होते, म्हणून जेवणाच्या हिशेबात कुणी धरले नव्हते. मी धरले. भात, बटाटा, साबुदाणा हे पोट स्वस्तात भरतात खरे, पण मधुमेही माणसाचं ताट महिनाभर त्यांच्यावरच चाललं तर ते बिल प्रयोगशाळेत फाडावं लागतं.

निर्णयाचा दुसरा टप्पा: आधी कशाला पैसे बाजूला काढायचे

मी त्यांना एकही पाककृती दिली नाही. फक्त क्रम उलटा करायला सांगितला. आधी 900 रुपये चवीसाठी बाजूला काढा: लसूण, लिंबू, कोथिंबीर, एक नारळ, गोडा मसाला, गूळ, चिंच, दाणे, तीळ. मग उरलेल्यात धान्य, डाळी, भाजी बसवा. श्रीधरना हे अजिबात पटलं नाही. "मॅडम, टंचाईत पहिल्यांदा चैन कापतात." मी म्हटलं, तुम्ही गेल्या महिन्यात ती कापलीत आणि 3,700 ला परत विकत घेतलीत.

तरी ते घुटमळत होते. निर्णय केला तो आईंनी. त्या इतका वेळ ऐकत होत्या. म्हणाल्या, "मला कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे दुष्काळात पण पानाला चटणी असायची." त्यांचं माहेर जुन्नरकडचं, 1972 च्या दुष्काळात त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. गुडघ्यांमुळे तीन वर्षांपासून त्या ओट्याशी उभ्या राहू शकत नव्हत्या, म्हणून स्वयंपाकातून आपोआप बाहेर पडल्या होत्या. घरातली सगळ्यात जाणती स्वयंपाकी दिवाणखान्यात टीव्हीसमोर बसवलेली आणि मुलगा मोबाइलवर पोळीचे व्हिडिओ बघतोय! स्वयंपाकघराच्या दारात एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली गेली, एवढीच त्या दिवशीची खरेदी. तीही बाल्कनीतली जुनी.

आईंनी पहिल्यांदा मागितले हुलगे, म्हणजे कुळीथ. पुण्यात वाण्याकडे सहज मिळतात, डाळींपेक्षा स्वस्त पडतात, आणि नव्या पिढीच्या घरात कुणी आणत नाही. अर्धा किलो हुलगे किंचित भाजून गिरणीतून दळून आणले आणि शेंगोळे झाले. हे मी नंतर त्यांच्या घरी जाऊन स्वतः पाहिलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. परातीत हुलग्याचं पीठ, त्यात मूठभर कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद, मीठ, चमचाभर तेल. पीठ घट्ट मळायचं, पोळीच्या पिठाहून बरंच घट्ट. आई खुर्चीत बसून मांडीवर परात घेऊन लिंबाएवढा गोळा दोन तळव्यांमध्ये वळायच्या, करंगळीएवढी दोरी झाली की तिची टोकं जुळवून कडं. तिकडे पातेल्यात लसणाची फोडणी, त्यावर पाणी, पाण्याला खळखळून उकळी. त्या उकळीत कडी एकेक सोडायची, गर्दी करायची नाही. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यानं धुऊन तेच पातेल्यात ओतायचं, त्यानंच रस्सा दाट होतो. शेवटी दाण्याचं कूट आणि कोथिंबीर. वीस मिनिटांनी झाकण काढलं की लसणाचा जो वास येतो तो जिन्यापर्यंत जातो. समोरच्या फ्लॅटमधून विचारणा झाली होती म्हणे.

त्या जेवणाचा खर्च श्रीधरनी वहीत काढून ठेवलाय: चौघांचे 58 रुपये. खाली वैशालीच्या अक्षरात, "परत करा."

हुलगा साखर बरी करतो असं मी म्हणत नाही, कुणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका. त्यात प्रथिनं आणि तंतू भरपूर आहेत आणि पातेलीभर भाताची जागा तो घेतो, एवढंच.

मग घडी कशी बसत गेली

सगळं एका दिवसात झालं नाही. काही गोष्टी पुन्हा चुकल्या.

भाकरी ही त्यातली मोठी. आईंना रात्री ज्वारीची भाकरी द्यायची ठरलं. श्रीधरनी गिरणीतून एकदम पाच किलो पीठ दळून आणलं. खेप वाचते ना! दहा दिवसांनी भाकरी थापताना कडेला चिरा पडायला लागल्या, उचलली की मधून तुटायची. दोष हाताचा समजून ते रोज चिडायचे. आईंनी चिमूटभर पीठ बोटात चोळलं आणि म्हणाल्या, "विरी गेलीय याची." ज्वारीचं जुनं पीठ चिकटपणा सोडतं, मग कितीही गरम पाण्यानं मळा. त्यापुढे दळण दीड-दोन किलोचंच. ज्वारी हे गरिबाचं धान्य असा जो आपला समज आहे तोही इथे जुळत नाही: पुण्यात मालदांडी ज्वारी साध्या गव्हापेक्षा महाग पडते. भाकरी एकट्या आईंसाठी ठेवली, बाकीच्यांना पोळीच.

दुधाचा निर्णय उलटा फिरवला. गाईचं एक लिटर बंद करून म्हशीचं एक लिटर सुरू केलं. महिन्याला चारशे जास्त गेले, पण साय धरू लागली, विरजण लागलं, ताक झालं, आठवड्यातून दोनदा कढी झाली, आणि पंधरा दिवसांनी वाटीभर तूप. बाहेरचं दही-पनीर पूर्ण थांबलं. मुग्धाला तुपाच्या भांड्यातली बेरी साखर घालून खायला मिळाली. तिला हा पदार्थ तेरा वर्षांत कुणी दाखवला नव्हता.

गॅससुद्धा वहीत आहे. ऑगस्टमध्ये सिलिंडर 31 दिवस पुरला, कारण डाळी-कडधान्यं न भिजवता शिट्ट्यांवर शिट्ट्या. सप्टेंबरपासून रात्री भिजवणं आणि कुकरमध्ये वरण, भात, भाजीचा बटाटा असे डबे एकावर एक. पुढचा सिलिंडर 40 दिवस गेला. आपल्या आया हे न सांगता करायच्या, त्यात मी काय नवीन सांगणार!

भाजीच्या बाबतीत श्रीधरचा खरेदीतला अनुभव शेवटी उपयोगी पडला. मार्केट यार्डाची वारी सोडून त्यांनी धायरी फाट्यावर रात्री आठनंतर जायला सुरुवात केली. पालेभाजी तेव्हा पडेल भावात मिळते, कारण विक्रेत्याला ती उद्या विकता येत नाही. पण हे पालेभाजीपुरतंच, आणि ती त्याच रात्री निवडून ठेवायची तयारी असेल तर. फळभाज्या सकाळी. एकदा रात्री स्वस्त मिळाली म्हणून मेथीच्या सहा जुड्या आणल्या आणि वैशाली अकरा वाजेपर्यंत निवडत बसली. तिनं त्या दिवशी जे ऐकवलं ते वहीत नाही, मला तोंडी कळलं.

दोडका आणला की दोन पदार्थ, हा आईंचा नियम. शिरा काढून बारीक चिरायच्या, थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची, मीठ. एरवी ओल्या कचऱ्यात जाणाऱ्या शिरांची ही चटणी त्या घरात दोडक्याच्या भाजीपेक्षा आधी संपते. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, रविवारच्या आमटीची सोमवारी वरणफळं, हे सगळं ओघानंच आलं.

मुग्धाला सांगायचं की नाही

जेवणाशी याचा काय संबंध, असं वाटेल. आहे. आईवडिलांनी मुलीला ऑगस्टभर सांगितलंच नव्हतं. "बाबा सध्या घरून काम करतात," असं चाललं होतं. तिला अर्थातच कळलं होतं, पण मोठ्यांना वाटतं तिला माहीत नाही म्हणून तीही दाखवत नव्हती. डबा न खाण्यामागे निम्मा भाग हा होता, असं माझं मत. वैशालीचं मत वेगळं आहे, तिच्या मते डबाच वाईट होता.

गणपती 7 सप्टेंबरला होते. घरात दीड दिवसाचा गणपती. प्रसादाला माणसं येणार, किती नारळ आणायचे यावरून नवरा-बायकोचं मुलीसमोर वाजलं, आणि तेव्हा मुग्धाच म्हणाली, "बाबा, मला माहितीये, एकवीस मोदक पुरेत." त्यानंतर बोलणं मोकळं झालं. रविवारच्या जेवणाचा कारभार तिला दिला, मर्यादा दीडशे रुपये. पहिल्या रविवारी तिनं मिसळ ठरवली. शुक्रवारी मटकी भिजवली, शनिवारी फडक्यात बांधून मोड आणले, तर्री आजीला विचारून, शंभर ग्रॅम फरसाण आणि एक लादी पाव. 142 रुपये. उरलेले आठ तिनं परत दिले नाहीत.

हॉटेलात तेवढ्याच मिसळीला चौघांचे साडेचारशे-पाचशे झाले असते. पण मला मोल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं: रविवारची वाट बघायला घरात एक कारण आलं, आणि आठवड्यातले साधे दिवस त्यामुळे निभले. बाहेरचा खर्च सप्टेंबरमध्ये 700 वर उतरला, तो कुणाला बंदी घालून नाही.

मधली महागाई

14 सप्टेंबरला केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ शुल्क शून्यावरून 20 टक्के झालं. पिशवीचा भाव आठवडाभरात चढला, ऐन दिवाळीच्या तोंडावर. या घरात तोपर्यंत तेल पाच लिटरवरून साडेतीनवर आलं होतं, म्हणून झळ कमी बसली. दिवाळीला चिवडा, शंकरपाळे आणि बेसनाचे लाडू एवढंच केलं. चकली गाळली, कारण तळणीचं तेल आणि बिघडली तर जाणारा माल, दोन्हींचा धोका. वैशालीला ते लागलं. ऑक्टोबरचा आकडा 11,900 वर गेला तो फराळामुळेच.

नोव्हेंबर-डिसेंबरात लसूण किलोला चारशेच्या वर गेला. चवीच्या 900 मधला मोठा वाटा एकट्या लसणाचा होता, आणि शेंगोळे लसणाशिवाय होत नाहीत. तेव्हा कढीपत्ता, तीळ आणि आल्यावर भर देऊन महिनाभर शेंगोळ्यांना सुटी दिली. थंडीत मेथी, पावटा, मटार, गाजर आली आणि ताट आपोआप भरलं.

याच काळातली एक नोंद: "शिवभोजन 10." मुलाखतीला शहरात गेले असताना श्रीधरनी दुपारी थाळी घेतली होती, दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ही थाळी सरकारनं जानेवारी 2020 मध्ये सुरू केली. रांगेत कुणी ओळखीचं दिसेल म्हणून ते दोनदा पुढे जाऊन परत आले. "वरण चांगलं होतं," म्हणाले, "पण मी घरी सांगितलं नाही, फक्त लिहिलं." वैशालीनं ती नोंद वाचली होती. तिनंही तो विषय कधी काढला नाही.

परिणाम

खाण्याचा खर्च सप्टेंबरमध्ये 10,500, ऑक्टोबरात 11,900, नोव्हेंबरात 10,800, डिसेंबरात 10,300, जानेवारीत 9,700. दहाच्या आत फक्त एकदाच आला. पण खिचडीच्या ऑगस्टपेक्षा दिवाळीचा महिना सोडता प्रत्येक महिना स्वस्त, आणि ताट कितीतरी भरलेलं. आईंची साखर नोव्हेंबरात 131. गोळी तीच होती. मात्र श्रीधर त्यांना रोज सकाळी वीस मिनिटं चालवायला नेत होते, म्हणून सगळं श्रेय मी ताटाला देणार नाही.

डिसेंबरात एक नोकरी आली होती, जुन्या पगाराच्या साठ टक्क्यांवर. ती त्यांनी नाकारली. शिल्लक बघून नाकारली, असं ते म्हणतात. 3 फेब्रुवारी 2025 ला शिरवळच्या एका कारखान्यात रुजू झाले, पगार पूर्वीपेक्षा थोडाच कमी. निर्वाह निधीला हात लागला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट माझ्याकडूनची. मी सगळं लक्ष आईंच्या ताटावर दिलं आणि मुग्धाच्या वाढीच्या वयाचा विचार ऑक्टोबरात केला. श्रावण संपल्यावर लगेच अंडी सुरू करायला हवी होती. अंड्यामागे सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. ती सुरू व्हायला दसरा उजाडला.

दुसरी, घाऊक खरेदी. तांदूळ, गहू, डाळी घाऊक चालतात. कांदा पावसाळ्यात नाही, ज्वारीचं पीठ तर नाहीच. खरेदीतल्या माणसाला साठवणुकीचा खर्च विसरायला झाला, याचं त्यांना स्वतःलाच हसू येतं.

श्रीधर वही जरा जास्तच कडक चालवत होते, हेही लिहायला हवं. वैशालीनं दुसऱ्यांदा चहा टाकला की ते घड्याळाकडे बघायचे. कमावणारी ती आणि चहाचा हिशेब विचारणारा तो! नोव्हेंबरात तिनं "माझा चहा वहीत येणार नाही" असं जाहीर केलं आणि तो रकाना बंद झाला. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या नावे थोडे बिनहिशेबी पैसे ठेवले असते तर उशीखालचं फरसाणही झालं नसतं.

आणि मावशी. वहीत खोडलेला पर्याय तो हाच. सात वर्षं रोज सकाळी साडेसहाला येणाऱ्या बाईला 30 जुलैला सांगितलं की परवापासून नको. श्रीधरना स्वतःला कंपनीनं दोन महिन्यांचा नोटीस पगार दिला होता. मी हे बोलले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. एक महिना आधी सांगता आलं असतं, किंवा एक दिवसाआड 1,300 वर ठेवता आलं असतं. शिल्लक त्यानं फार तर दोनेक आठवड्यांनी कमी झाली असती. ऑक्टोबरात वैशालीला त्या थांब्यावर भेटल्या. बोलणं झालं, आणि चार सकाळी येऊन त्यांनी श्रीधरना पोळी शिकवली: कणीक सैल भिजवायची, अर्धा तास झाकून ठेवायची, घडीत तेलावर पीठ भुरभुरायचं, तवा चांगला तापल्याशिवाय पोळी टाकायची नाही. त्याचे 400 वहीत "शिक्षण" या नावाखाली आहेत.

नोकरी लागल्यावर पहिला फोन मावशींना गेला. त्या म्हणाल्या, "दादा, आता सकाळची तिन्ही घरं भरलीत. दुपारचं जमेल, पण तुमच्याकडे दुपारी खाणार कोण?"

कंपनीची बस नवले पुलावर 6.40 ला येते. श्रीधर पाचला उठून पोळ्या करतात. मी मार्चमध्ये गेले होते तेव्हा वही अजून फ्रिजवर होती. शेवटची नोंद वैशालीच्या अक्षरात होती: हुलगे 1 किलो, लसूण पाव किलो, चहापत्ती.